तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीचे व्हिडिओ कुणाचे बघावेत?

माझ्या गाडीचं बॉनेट उघडं दिसलं की कुणीतरी हमखास थांबतं आणि विचारतं, "तुम्ही यूट्यूबवर नक्की कुणाला बघता?" नुसती नावं पाठवली तर पुढे कुणी बघत नाही, असा अनुभव आहे. म्हणून यावेळी कारणांसकट सांगतो.

पहिलं नाव साउथ मेन ऑटो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या अव्होका नावाच्या छोट्या गावातलं हे गॅरेज, चालवणारा एरिक ओ. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे गाड्या खालून सडतात आणि बोल्ट सुटायच्या आधी तुटतात. मालवण-रत्नागिरीकडे खाऱ्या हवेत गाडी ठेवणाऱ्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. पण मी त्याला बघतो ते निदानासाठी.

समजा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, जड फिरतोय. आपल्याकडे पहिला सल्ला येतो "बॅटरी बदला", दुसरा "सेल्फ उतरवू". या पठडीतला मेकॅनिक आधी मल्टिमीटर काढतो. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायचा. अर्थिंग, म्हणजे इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमधली जोडणी, नीट असेल तर मीटर अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. दोन व्होल्ट दिसले तर बॅटरीला आणि सेल्फला दोष देण्याआधी अर्थिंगची केबल आणि तिचे जोड बघायचे. गंमत म्हणजे हीच केबल सोडवून तिचा नुसता रेझिस्टन्स मोजला तर ती ठणठणीत निघू शकते. मीटरला तांब्याची एक तार शिल्लक असली तरी पुरते, सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात. म्हणून करंट वाहत असतानाच मोजायचं. हे एकदा डोक्यात बसलं की न लागणारा हेडलाइट आणि मंद फिरणारा पंखासुद्धा याच रीतीने तपासता येतो.

माझी निवड या एकाच गोष्टीवर ठरते. अमेरिकेत मजुरी महाग, म्हणून तिथल्या लोकांना "स्वतः कसं बदलायचं" हे हवं असतं. आपल्याकडे पार्टच्या मानाने मजुरी स्वस्त. बदलायला माणूस गल्लीत मिळतो, पैसे जातात ते चुकीचा पार्ट बदलल्यावर. आपल्याला निदान शिकवणारा चॅनल जास्त कामाचा.

त्याच कारणाने पाइन हॉलो ऑटो डायग्नोस्टिक्स. पेनसिल्व्हेनियातला इव्हान, इतर गॅरेजांनी हात टेकलेल्या गाड्या याच्याकडे येतात. स्कॅनरवर पी०१७१ हा बिघाडाचा कोड आला, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, की अनेकजण सरळ ऑक्सिजन सेन्सर मागवतात. बिचारा सेन्सर बहुतेक वेळा खरंच बोलत असतो, आणि कुठल्यातरी चिरलेल्या नळीतून जास्तीची हवा आत जात असते.

अगदी नवखे असाल तर क्रिसफिक्स. चेहरा दाखवत नाही, फक्त हात दिसतात, आणि साधी हत्यारं. पण त्याने सांगितलेले टॉर्कचे, म्हणजे नट किती जोराने आवळायचा त्याचे, आकडे उचलू नका. ते त्याच्या गाडीचे, तेही फूट-पाउंडमध्ये. ८० फूट-पाउंड म्हणजे सुमारे १०८ न्यूटन-मीटर. हे न बघता ८० वर पाना थांबवला तर नट ढिला राहील. आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा.

हत्यारं घेण्याआधी प्रोजेक्ट फार्म बघतो. पाने, गंज सोडवणारी तेलं, ड्रिलची पाती, सगळं स्वतःच्या पैशाने आणून मोजतो. त्यातले बरेच ब्रँड इथे मिळत नाहीत, तरी काय तपासायचं ते कळतं.

आणि निव्वळ हौस म्हणून प्रोजेक्ट बिंकी. दोन इंग्रज, एक जुनी मिनी (छोटी ब्रिटिश कार), आणि तिच्यात टोयोटा सेलिकाचं टर्बो इंजिन चारचाकी ड्राइव्हसकट कोंबायचा हट्ट. २०१३ मध्ये सुरू केलेलं हे काम वर्षानुवर्षं चाललं. दर ब्रॅकेटआधी पुठ्ठा कापून बघतात, मग पत्रा. उपयोग शून्य म्हणाल, पण कपाट बसवतानाही आता मी आधी पुठ्ठाच कापतो.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "मग सगळं तुम्हीच करता?" नाही हो. फिल्टर, स्पार्क प्लग, वायरिंगची तपासणी घरी. टायमिंग बेल्ट आमच्या मेकॅनिककडे. आणि स्टिअरिंगखालच्या पिवळ्या कनेक्टरना, म्हणजे एअरबॅगच्या वायरिंगला, मी हात लावत नाही, व्हिडिओ कुणाचाही असो.