आल्या पावली

शनिवार, रात्र. मर्फी हॉगबॅक, कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यान, युटा, अमेरिका.

तंबूत हेडलॅम्पच्या उजेडात लिहितोय. हात अजून थरथरल्यासारखे वाटतात. दिवसभर मोटरसायकलचं हँडल घट्ट धरल्याने असेल. बाहेर इतकी शांतता आहे की दादाच्या तंबूची चेन उघडल्याचा आवाजही मोठा वाटतो.

सकाळी शेफर ट्रेलने उतरलो. मोआबला टाकी भरली, वर एक कॅन पेट्रोल, आणि माणशी दिवसाला चार लिटर या हिशेबाने पाणी. इथून पुढे दीडेकशे किलोमीटरच्या व्हाइट रिम रस्त्यावर ना पेट्रोल मिळत, ना पाणी. शेफरची वळणं कड्यालाच कोरलेली आहेत, सुमारे १५०० फूट उतार. पहिल्या गिअरवर, मागचा ब्रेक जपून दाबत, नजर पुढच्या वळणावर. मी साताऱ्याचा, घाट मला नवे नाहीत. पण आपल्या घाटात कठड्यापलीकडे झाडी तरी दिसते. इथे कठडा नाही, झाडी नाही, नुसता लाल दगड आणि खाली मोकळी हवा.

खाली उतरलं की पांढरट वालुकाश्माचा कठीण थर लागतो, त्याच्याच काठाकाठाने रस्ता जातो. त्याखालचा तांबडा थर मऊ, तो झिजत जातो आणि वरचा पांढरा तग धरतो. मॉन्युमेंट बेसिनमधले सुळके म्हणूनच डोक्यावर पांढरी टोपी घालून उभे आहेत. मसलमन आर्चपाशीही थांबलो. त्या दगडी पुलावरून चालायला आता मनाई आहे, ते बरंच आहे.

पण आज लिहायचंय ते वेगळंच.

दुपारी एका कोरड्या ओढ्यात भुसभुशीत वाळू लागली. वाळूत काय करायचं ते मला पाठ आहे: फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहायचं, वजन मागे टाकायचं, रेस सोडायची नाही. मी घाबरून रेस सोडली. पुढचं चाक रुतलं, गाडी डावीकडे ओढली गेली आणि रस्ता सोडून पाच-सहा फूट आत जाऊन पडली. मला काही लागलं नाही. गाडीचा क्लच लिव्हर थोडा वाकला, तेवढंच.

उठून खाली पाहिलं. काळपट, खडबडीत माती, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी. ही माती जिवंत असते. सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्म जीवांचे बारीक धागे वाळूचे कण बांधून ठेवतात, त्यावर दगडफूल आणि शेवाळ धरतं. हा पापुद्रा आहे म्हणून वारा वाळू उडवून नेत नाही आणि झुडपांना नत्र मिळतं. एकदा मोडला की पुन्हा धरायला कित्येक दशकं लागतात. मी हे सगळं वाचून आलो होतो. माझ्या चाकाने त्यात हातभर रुंद चर पाडला होता.

दादा रस्त्यावरूनच ओरडला, "थांब! तिथे फिरू नकोस. आल्या पावली परत ये."

हा वाक्प्रचार मी जन्मभर ऐकला, पण त्यातला शब्द न् शब्द असा पाळायची वेळ कधी आली नव्हती. गाडी उभी केली. मग ती त्याच चरातून मागे ढकलत, माझ्याच बुटांच्या ठशांत पाय टाकत, एकेक पाऊल बाहेर आलो. पाच फुटांना दहा मिनिटं लागली असतील. दादाने वाळूत उभं राहून मागून कॅरिअर धरून ओढलं. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

हा रस्ता १९५० च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांसाठी काढला. इथे युरेनियम फारसं मिळालं नाही, माणसं निघून गेली. १९६४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. रस्ता मात्र अजून आहे, मी त्यावरूनच इथे आलो. माझा चरही असाच राहील. पुढच्या वर्षी कुणी तिथून जाईल आणि म्हणेल, इथून कुणीतरी गाडी घातली. खरंच आहे ते. मीच घातली.

मघाशी बूट काढले तर उजव्या तळव्याच्या खाचेत त्या मातीची एक कपची अडकलेली. नखाएवढी. हेडलॅम्प जवळ नेला. खालून वाळूचे कण लोंबत होते, कोळ्याच्या जाळ्यात अडकल्यासारखे, एकही गळत नव्हता.