आरएफ ॲम्प्लिफायर ऑसिलेट होतोय? आधी एमिटर बघा

१०० मेगाहर्ट्झसाठी बांधलेला आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) ॲम्प्लिफायर सहसा १०० मेगाहर्ट्झवर त्रास देत नाही. तो ऑसिलेट होतो (सिग्नल न देताही स्वतःच सिग्नल काढू लागतो) एकतर काहीशे किलोहर्ट्झवर, नाहीतर थेट गीगाहर्ट्झच्या आसपास. म्हणजे आपण बघतच नाही तिथे. ट्रान्झिस्टरला आपला बँड ठाऊक नसतो. जिथे जिथे त्याच्याकडे गेन (सिग्नल मोठा करण्याची ताकद) आहे तिथे तिथे त्याला आवरावं लागतं.

सुरुवात एमिटरच्या (बेस, कलेक्टर, एमिटर या ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी एक) ग्राउंडपासून करा. तारेचा किंवा पायाचा इंडक्टन्स ढोबळमानाने मिलिमीटरला १ नॅनोहेन्री धरायचा. १.६ मिमी बोर्डातला एक बारीक व्हायासुद्धा (बोर्डाचे थर जोडणारं, आतून तांबं चढवलेलं भोक) सव्वा नॅनोहेन्रीच्या आसपास जातो. १ गीगाहर्ट्झवर १ नॅनोहेन्री म्हणजे ६.३ ओहम, त्यामुळे ५ मिमी पाय मोकळा सोडला की एमिटरमध्ये ३० ओहमच्या वर रिॲक्टन्स शिरला. गेन पडतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला स्थिरताही जाते. पॅडला अगदी चिकटून तीन-चार व्हाया द्या. ट्रान्झिस्टरला दोन एमिटर पाय असतील तर दोन्हीकडे द्या. लो-नॉइज ॲम्प्लिफायरमध्ये इथे मुद्दाम थोडा इंडक्टन्स ठेवतात हे खरं, पण तो हिशेबाने ठेवलेला असतो, राहून गेलेला नसतो.

मग सप्लाय. ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा चिप कॅपॅसिटर साधारण २० मेगाहर्ट्झला रेझोनेट होतो. त्यापुढे तो इंडक्टरच असतो. म्हणून कलेक्टरला सप्लाय देणाऱ्या चोकच्या (डीसी जाऊ देऊन आरएफ अडवणाऱ्या कॉइलच्या) सप्लायकडच्या टोकाला, ग्राउंडकडे, सर्वांत जवळ १०० पीएफ (पिकोफॅरड), त्यानंतर १ नॅनोफॅरड, ०.१ मायक्रोफॅरड आणि शेवटी १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक. ते नुसते समांतर लावले तर एकाचा इंडक्टन्स आणि दुसऱ्याचा कपॅसिटन्स मिळून मधेच उंच इम्पीडन्सचं शिखर तयार होतं. १०० पीएफ आणि पुढच्या कॅपॅसिटर्सच्या मधे सप्लाय लाइनमध्ये १० ओहम टाकला की ते शिखर बसतं. २० मिलीॲम्पिअरला फक्त ०.२ व्होल्ट खर्च होतात.

बेसला चोक आणि कलेक्टरलाही चोक, ही जोडी मात्र टाळाच. कमी फ्रिक्वेन्सीला गेन भरपूर असतो आणि दोन चोक व कपलिंग कॅपॅसिटर मिळून छान ऑसिलेटर बनतो. बेसचं बायस (ट्रान्झिस्टर चालू ठेवणारा डीसी) रेझिस्टरमधून द्या, कलेक्टरच्या चोकला समांतर ४७० ओहम ठेवा. वरच्या टोकासाठी बेसमध्ये ५ ते १० ओहम सिरीज पुरतात, पण पहिल्या स्टेजला तो रेझिस्टर नॉइज वाढवतो. तिथे तो कलेक्टरच्या बाजूला घाला.

रुंद बँड हवा असेल तर फीडबॅक ॲम्प्लिफायरला (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला परत देणाऱ्या) तोड नाही. इनपुट-आउटपुट ५० ओहमचे असतील तर गणित सोपं आहे: कलेक्टर ते बेस लावलेला फीडबॅक रेझिस्टर भागिले ५०, वजा १, हा व्होल्टेज गेन, आणि फीडबॅक रेझिस्टर गुणिले एमिटर रेझिस्टर बरोबर २५००. १५ डीबीसाठी ३३० ओहम आणि ७.६ ओहम येतात. २० मिलीॲम्पिअरला ट्रान्झिस्टरचा आतला रेझिस्टन्स १.३ ओहम असतो, म्हणून बाहेर ६.२ ओहम लावा. प्रत्यक्षात गेन थोडा कमीच मिळतो. ३३० ओहमच्या सिरीजमध्ये ०.१ मायक्रोफॅरड हवाच, नाहीतर डीसी बायस बिघडेल. हा फीडबॅकचा फेरा १ सेंटीमीटरच्या आत राहू द्या. लांब फेऱ्यात फेज फिरते आणि निगेटिव्ह फीडबॅक वर कुठेतरी पॉझिटिव्ह होतो.

सिम्युलेशनमध्ये के फॅक्टर (स्थिरतेचं माप) फक्त आपल्या बँडात १ पेक्षा जास्त आहे हे बघून थांबू नका. जिथपर्यंत एस-पॅरामीटर (ट्रान्झिस्टर किती सिग्नल पुढे पाठवतो आणि किती परावर्तित करतो ते सांगणारे आकडे) मिळतात तिथपर्यंत तपासा, आणि त्यांच्यावरून काढलेल्या डेल्टाचं मूल्य १ पेक्षा कमी आहे का तेही. टेबलावर इनपुटला ५० ओहम लावा, आउटपुट २० डीबीच्या ॲटेन्युएटरमधून (सिग्नल कमी करणाऱ्या भागातून) स्पेक्ट्रम ॲनालायझरला द्या आणि सिग्नल न देता पूर्ण रेंज फिरवा. मग इनपुट उघडा ठेवून, शॉर्ट करून आणि सप्लाय थोडा वरखाली करून पुन्हा बघा. ॲनालायझर नसेल तर सप्लायचा करंट बघत कमी व्होल्टेजच्या सर्किटजवळ बोट न्या. करंट हलला तर संशय पक्का धरा.

उघडा असताना शांत आणि झाकण लावताच ओरडणारा ॲम्प्लिफायर हा डब्याचा प्रताप. १०० × ६० मिमी आतल्या मापाचा रिकामा डबा २.९ गीगाहर्ट्झच्या आसपास रेझोनेट होतो आणि आउटपुट इनपुटला भेटतो. झाकणाला आतून ॲब्सॉर्बर (लाटा शोषणारं साहित्य) लावा, किंवा बोर्ड ३० मिमी रुंदीच्या कप्प्यात बसवा. मग ५ गीगाहर्ट्झच्या खाली लाट त्या कप्प्यातून पुढे सरकतच नाही.