काजळी ते मुचकुंदी: सडे झकास, ती एक घाटी मात्र टाळा

‘हलक्या टेकड्या, नदीकाठ, भातशेती. कुणालाही जमेल.’ ज्या जीपीएक्स फाईलच्या (फोनवर किंवा जीपीएसवर दिसणारी मार्गाची रेघ) भरवशावर आम्ही सायकली घेऊन निघालो, तिच्या वर्णनात एवढंच होतं. टेकड्या, नदी आणि शेती, तिन्ही आहेत. पण ‘कुणालाही जमेल’ लिहिणाऱ्याने हा मार्ग घरी बसून स्क्रीनवर बोटाने आखलाय, याबद्दल मला आता शंका नाही.

मार्ग थोडक्यात असा: रत्नागिरीहून काजळी नदीच्या अंगाने हरचिरी, चांदेराई. तिथून सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठारावर, चढायचं आणि दक्षिणेला जात मुचकुंदीच्या खोऱ्यात उतरायचं. मग नदी धरून पूर्णगड, पूल ओलांडून गावखडी, पुढे कशेळी, आडिवरे आणि परत येताना पावस. सायकल चालवता येते, पंक्चर काढता येतं, दिवसभर खोगिरावर बसता येतं, हे धरूनच लिहितोय.

उंचीचे आकडे बघून फसू नका. किनाऱ्याजवळचा सडा दीडशे-दोनशे मीटरच्या वर क्वचितच जातो. सह्याद्रीतले घाट चढलेल्यांना हे हसण्यावारी न्यावंसं वाटेल. पण इथे प्रत्येक नदी आणि प्रत्येक खाडी तुम्हाला थेट समुद्रसपाटीला आणून सोडते आणि पलीकडे तेवढंच परत चढवते, तेही वळणं न घेता, सरळ नाकासमोर. आमच्या सर्वांत लांब दिवशी 60 किलोमीटरला 1,300 मीटर चढ झाला. मागच्या चाकाच्या कॅसेटची (दातेरी चकत्यांचा संच) मोठी चकती पुढच्या, पेडलजवळच्या चेनरिंगपेक्षा मोठी नसेल तर ढकलायची तयारी ठेवा. आमच्यातला एक रोड बाईकचं गिअरिंग घेऊन आला होता. त्याने अर्धं कोकण पायी पाहिलं.

आता त्या घाटीबद्दल.

सड्यावरून मुचकुंदीकडे उतरताना फाईल डांबरी रस्ता सोडून उजवीकडे लाल मातीच्या रस्त्यावर नेते. सुरुवात अशी की फोटो काढावेसे वाटतात. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे (बुटक्या दगडी भिंती), आत आंब्याची कलमं. वाटेत एक म्हातारे काका काजूखालचा पाला गोळा करत होते. “काका, रस्ता खाली नदीपर्यंत जातो ना?” “जातो की. गाडी जाते. पोरगा रोज जातो.” झालं. यापेक्षा खात्रीची माहिती कुठून मिळणार?

पहिला अर्धा किलोमीटर म्हणजे कुणीतरी बागेसाठी जेसीबीने ओरबाडलेला रस्ता. वर जांभ्याचे गोल खडे, बॉल बेअरिंग पसरल्यासारखे. ब्रेक दाबला की चाक थांबतं, सायकल थांबत नाही. पावसाच्या पाण्याने मधोमध गुडघाभर खोल चर पाडलाय आणि त्यात पाला भरलाय, त्यामुळे चर आहे हे चाक आत गेल्यावर कळतं. त्यानंतर एक घर लागतं. अंगणात पोराची मोटारसायकल उभी. गाडी इथपर्यंतच जाते.

घराच्या मागून पाखाडी सुरू होते. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, गावातल्या माणसांनी चालण्यासाठी बांधलेल्या. त्या कामासाठी उत्तम आहेत. नकाशावर मात्र ती जाड रेघ आहे, डांबरी रस्त्याच्याच रंगाची. पायऱ्या एकसारख्या नाहीत, काही हातभर उंच, सावलीतल्यांवर शेवाळ. सामान बांधलेली सायकल खांद्यावर घेऊन उतरायचं. बूट सायकलचे, खाली पेडलमध्ये अडकणारी लोखंडी क्लिट. एका हाताने सायकल आणि दुसऱ्या हाताने गडगा धरावा, तर गडग्याचा वरचा चिरा हातात येतो. खाली व्हाळ (ओढा), त्यावर साकव (छोटा पूल), साकवाचं एका बाजूचं कठडं वाहून गेलेलं. पलीकडे खाजणाचा (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचा) बांध, पायाखाली चिखल. अडीच किलोमीटरला आम्हाला दीड तास लागला. बांधावर पोचलो तेव्हा एकाचा डिरेलिअर हँगर (गिअर बदलणारा भाग ज्याला टांगतात तो तुकडा) वाकलेला आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

म्हणून सांगतो: कोकणात ‘रस्ता आहे का’ विचारूच नका. ‘रिक्षा जाते का’ विचारा. रिक्षा जात असेल तर ग्रॅव्हल बाईक (कच्च्या रस्त्यांसाठीची जाड टायरची सायकल) आरामात जाईल. ‘टेम्पो जातो’ म्हणाले तर डोळे मिटून जा. फक्त ‘गाडी जाते’ म्हणाले तर कुठपर्यंत जाते ते विचारा, आणि ‘चालत बरं पडेल’ म्हणाले तर तिथूनच मागे फिरा. मुचकुंदीकडे उतरायला डांबरी रस्ता आहे. लांब पडतो. पडू दे.

दुसरा धोका चिरेखाणींचा, म्हणजे बांधकामाचे जांभ्याचे चिरे काढतात त्या खाणींचा. सड्यावरचे सर्वांत सुंदर कच्चे रस्ते खाणीवाल्यांच्या ट्रकांनी दाबून बनवलेले आहेत, त्यामुळे मोह होणारच. पण चिरे काढायला जमीन यंत्राने उभी कापतात. खाणीला ना कुंपण ना फलक, आणि कडा भिंतीसारखी सरळ. जुन्या उपग्रह चित्रात जिथे रस्ता दिसतो तिथे आज दोन माणसांच्या उंचीएवढा खोल खड्डा असू शकतो. एका ठिकाणी आमची रेघ थेट अशा खड्ड्यात जात होती, तळाला हिरवं पाणी. अंधार पडल्यावर सड्यावर फिरू नका. दिवसा चिऱ्यांचा ट्रक समोरून आला तर खाली उतरून बाजूला उभे राहा, उतारावर तो तुमच्यासाठी थांबणार नाही.

पाणी. सड्यावर ते मिळत नाही. जांभा पाणी धरून ठेवत नाही, ते आत झिरपतं आणि खाली चिकणमातीचा थर लागला की उताराच्या पोटात झऱ्याने बाहेर येतं. वाड्या म्हणूनच खाली वसलेल्या, वर नुसता कातळ आणि वाळलेलं गवत. माणशी तीन लिटर घेऊनच चढा. आणि दुपारी एक ते चार दुकान उघडं मिळेल ही आशा सोडा. शटर अर्धं वर दिसलं तरी आत मालक झोपलेला असतो आणि त्याला उठवण्यात अर्थ नाही.

टायर 45 मिलिमीटर, ट्यूबलेस, आतलं भोकं बुजवणारं सीलंट ताजं. करवंदीचे काटे टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतात. नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हाच काळ. ऑक्टोबरात उकाडा आणि भातकापणीची गडबड. फेब्रुवारीनंतर सडा तापतो आणि आंब्याच्या बागांत राखणदार बसतात, तेव्हा बागेतल्या वाटांनी घुसू नका. एरवीही कवाडी उघडली तर मागे लावा, नाहीतर गुरं आत शिरतात.

पूर्णगड ते कशेळी, आडिवरे हा दिवस छान गेला. बहुतेक डांबरी, समुद्र दिसतो, लिहिण्यासारखं काही नाही. कशेळीच्या सड्यावर मात्र थांबा. कातळावर कोरलेला हत्ती आहे, सुमारे 18 मीटर लांब, आणि त्याच्या पोटात कितीतरी इतर प्राणी. कोकणातली अशी कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सायकल रस्त्यावर ठेवून चालत जा. कातळ सपाट आणि मोकळा दिसतो म्हणून त्यावरून चाक नेलं तर ते नेमकं कशावरून गेलं हे तुम्हाला कळणारही नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, भर दुपारी गेलात तर नुसता काळा दगड.

पैशांचं एकच. समुद्राजवळच्या एका मुक्कामाच्या ठिकाणी बिलात प्रत्येक सायकलीमागे 200 रुपये ‘पार्किंग’ लावलं होतं. सायकली पडवीत होत्या, ज्या पडवीचं भाडं आम्ही खोलीबरोबर दिलंच होतं. वर सोलकढीची दुसरी वाटी 60 रुपये. जेवण चांगलं होतं, म्हणून राग जास्त आला. खोली ठरवताना सायकल कुठे राहणार, तिचे पैसे पडतील का आणि थाळीत काय पुन्हा मिळतं, हे फोनवरच विचारून घ्या. त्याच्या आदल्या रात्री आतल्या गावात एका मावशींनी घावणे, वाटण आणि चहा देऊन मागितले तेवढ्या पैशांत त्या ठिकाणी एक मासाही आला नसता.

परतीला कोकण रेल्वे धरणार असाल तर सायकल रत्नागिरी स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून बुक करा. स्टेशन शहरात नाही, कुवारबावकडे वर आहे, म्हणजे भाट्याच्या पुलावरून आल्यावर शेवटचा चढ तिथेच. छोट्या स्टेशनांवर गाडी जेमतेम थांबते, तिथून सायकल चढवण्याच्या भानगडीत पडू नका. सुटण्याच्या दोन तास आधी पोचा, पेडल काढा, हँडल आडवं करा, नाव-पत्ता पुठ्ठ्यावर लिहून सायकलीला बांधा. आणि पाना जवळ ठेवा. वाकलेल्या हँगरवाल्याने तो सामानात खोल पुरला होता.