बाटलीवरचं चुकीचं नाव: नवीन प्रजाती लिहितानाचा माझा अनुभव

पहिले सहा महिने त्या बाटलीवर मी ‘इलॅस्मोपस रॅपॅक्स’ असंच लिहून ठेवलं होतं आणि मला त्यात काही चुकतंय असं वाटलंही नव्हतं.

हा जीव म्हणजे अँफिपॉड. झिंग्या-खेकड्यांच्या नात्यातलाच, पण जेमतेम सहा मिलिमीटर, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा. किनाऱ्यावर कुजक्या शेवाळाचा ढीग हलवला की टणाटण उडतात ना, ते याचे भाऊबंद. बडोद्याला समुद्र नाही, त्यामुळे आमचं सगळं कलेक्शन म्हणजे रात्रीची सौराष्ट्र मेल पकडायची, द्वारकेला उतरायचं आणि अमावास्या-पौर्णिमेची मोठी ओहोटी गाठायची. कच्छच्या आखातातल्या मरीन नॅशनल पार्कात वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीच उचलता येत नाही म्हणून आम्ही पार्काच्या हद्दीबाहेरच्या खडकांवरच काम केलं. शेवाळाचे गुच्छ बादलीत झटकायचे, पाणी अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून गाळायचं, चाळणीत जे वळवळतं ते बाटलीत.

आता रॅपॅक्स का लिहिलं? तर कोस्टा नावाच्या इटालियन माणसाने १८५३ साली भूमध्य समुद्रातल्या नमुन्यांवरून ही प्रजाती लिहिली आणि मग पुढे जगात कुठेही तसलंच काही दिसलं की लोक तेच नाव देत गेले, जुन्या याद्यांमध्ये सगळीकडे रॅपॅक्सच रॅपॅक्स. मीही तेच केलं. पण एक गोष्ट डोक्यात अडकून राहिली. अँफिपॉडची मादी अंडी छातीखालच्या पिशवीत सांभाळते, पिल्लं बाहेर येतात ती थेट मोठ्यांच्या छोट्या आवृत्तीसारखीच, पाण्यात महिनोन् महिने वाहत जाणारी अळीची अवस्थाच नसते. जहाजाच्या तळाला चिकटून किंवा तरंगत्या शेवाळावर बसून जाऊ शकतात हे खरं, पण भूमध्य समुद्रातला आणि द्वारकेचा अगदी एकच असेल हे असंच गृहीत कसं धरायचं?

लॅबमधल्या आमच्या मॅडमना विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या, “चित्र काढ आधी, मग बोलू.”

आणि इथे मी मोठी चूक केली. सगळ्यात मोठा, धडधाकट नर होता तो उत्साहात आधी डिसेक्ट करून टाकला, संपूर्ण प्राण्याचं चित्र न काढता! पाय सुटे झाले, शरीराची बाक गेली, परत जोडता येत नाही. त्या दिवशी खूप रडू आलं. दुसरा तसा नर मिळायला पुढचा हिवाळा उजाडला, आणि तोपर्यंत हेही कळलं होतं की पहिल्या वर्षीचं सगळं आम्ही फॉर्मेलिनमध्ये ठेवलंय, त्यातून डीएनए काही नीट निघेना. दुसऱ्या खेपेला म्हणून निम्मे नमुने थेट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये.

मग चित्रं. मायक्रोस्कोपला कॅमेरा ल्युसिडा लावला की एका डोळ्याने नमुना आणि त्याच जागी स्वतःची पेन्सिल दिसते, आणि तुम्ही अक्षरशः कडेवरून गिरवत जाता. सुईने एकेक अवयव सोडवून ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचा, पकडीचे पाय, जबडे, शेपटीकडचे पाय म्हणजे युरोपॉड, सगळं वेगवेगळं. नुसत्या दुसऱ्या ग्नॅथोपॉडला, म्हणजे नराच्या त्या मोठ्या पकडीच्या पायाला, माझे दोन दिवस गेले. कारण फोकस थोडा खाली नेला की वेगळेच केस दिसतात, वर आणला की ते गायब, आणि प्रत्येक केस मोजून त्याच्या जागीच काढायचा असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तळव्याच्या कडेला एक बसका दात दिसला आणि त्याच्या आतल्या अंगाला केसांचा दाट झुपका. रॅपॅक्सच्या कुठल्याच चित्राशी जुळेना. सहा महिने मी त्या पायाकडे बघत होते हो! पण गिरवेपर्यंत तो दात मला दिसलाच नव्हता.

तरी लगेच उड्या मारायच्या नसतात. वय वाढतं तसा हा पाय बदलतो, त्यामुळे लहान-मोठे अकरा नर तपासले, दात सगळ्या मोठ्या नरांत होता. मग जुने पेपर, फ्रेंच, जर्मन, लॅटिन, बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर पुष्कळसे फुकट मिळतात. ते शोधताना जेम्स हॉर्नेलचा ओखामंडळच्या सागरी जीवांवरचा रिपोर्ट सापडला, १९०९ आणि १९१६ असे दोन भाग, आणि तो लिहिलाय बडोदा सरकारसाठी. आजोबा नेहमी सांगायचे की द्वारका-ओखा आपल्या गायकवाडांच्या राज्यात होतं, तेव्हा मी हो हो म्हणायचे. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बसून ते पान वाचताना मला आजोबांची फार आठवण आली.

नावाचे नियम कडक आहेत. इलॅस्मोपस पुल्लिंगी, म्हणून पुढचं विशेषण पुल्लिंगीच हवं. एकच नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा प्रमाण नमुना, म्हणून जाहीर करायचा आणि तो कुठे ठेवणार तेही पेपरात लिहायचं. ऑनलाइन छापायचं असेल तर आधी झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी. आम्ही ठेवलेलं नाव मी इथे सांगत नाहीये, वर्णन छापून यायच्या आत नाव बाहेर फुटलं तर ते ‘नोमेन न्यूडम’, नागडं नाव ठरतं, त्याला काही अर्थ राहात नाही.

पेपर पाठवल्यावर रिव्ह्यूला, म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञांच्या तपासणीला, चार महिने गेले. एका रिव्ह्यूअरने विचारलं, उजवा जबडा कुठे आहे? या प्राण्यांचे डावा-उजवा मँडिबल सारखे नसतात, आतली छोटी दातेरी पट्टी वेगवेगळी असते, आणि मी फक्त डावाच काढला होता. त्याचं बरोबर होतं. जुन्या स्लाइड काढून उजवा शोधला, एकाचा तुटलेला, दुसऱ्याचा उलटा बसलेला, तिसऱ्याचा नीट मिळाला. आठ दिवस गेले पण पेपर त्याने चांगलाच झाला.

मागच्या आठवड्यात ॲक्सेप्ट झाल्याची मेल आली. होलोटाइप झूलॉजिकल सर्व्हेकडे कोलकात्याला जाणार. लेबल पेन्सिलीनेच लिहिलं, साधी शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चार वेळा लिहिलं, अक्षर मनासारखं येईना, मॅडम शेजारी उभ्या राहून बघत होत्या, घाई कर म्हणाल्या नाहीत.

लॅबच्या कपाटात अजून नऊ बाटल्यांवर ‘रॅपॅक्स’ लिहिलेलं आहे, सगळं माझंच अक्षर. त्यातली पहिली काल उघडली. या वेळी आधी संपूर्ण प्राण्याचं चित्र काढतेय.