तुम्ही विचारलंत म्हणून: पणजोबा कुठे सापडले

नात्यातल्या कुठल्याही लग्नात गेलो की एकजण तरी मला कोपऱ्यात घेतो आणि विचारतो, तू ते वंशावळीचं सगळं शोधून काढलंस ना, मग जुन्या जनगणनेत आमच्याही पणजोबांचं नाव बघून दे की. दरवेळी अर्धवट उत्तर देऊन जेवायला पळतो, म्हणून एकदाचं नीट लिहून टाकतोय.

जनगणनेत नाव मिळणार नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मीही सहा महिने त्याच्याच मागे होतो. इंग्लंड-अमेरिकेतले लोक करतात ते बघून आपल्याला वाटतं की इथेही तसंच असेल, तिकडे इंग्लंडमध्ये 100 वर्षांनी घरोघरचे कागद खुले करतात, 1921 चे त्यांनी 2022 मध्ये केले, अमेरिकेत 72 वर्षांनी. आपल्याकडे 1881 पासून 2011 पर्यंत दर दहा वर्षांनी मोजणी झाली पण छापून आले ते तक्ते, म्हणजे तालुक्यात इतकी घरं, इतकी माणसं, अमुक जातीचे इतके. माणसाचं नाव असलेला कागद बघायचा मार्गच नाही, 1948 च्या जनगणना कायद्याचं कलम 15 स्पष्ट सांगतं की हे कागद कोणाला बघायला मिळणार नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालणार नाहीत. त्यामुळे "1931 च्या जनगणनेत आमची जात लिहिलीय, ते काढून आण" म्हणणाऱ्या काकांना मी हात जोडतो. 1931 मध्ये जातवार आकडे आहेत, तुमचं घर नाही.

आता सापडलं कुठे ते. खरं सांगू का, आमचं घराणं सापडलं ते भांडणात आणि कर्जात. गुण्यागोविंदाने नांदलेल्या पिढ्यांचा एक कागद नाही माझ्याकडे. जो भाऊ भावाशी भांडला, ज्याने सावकाराकडून पैसे घेतले आणि फेडले नाहीत, त्याची खडान्खडा माहिती आहे, अगदी बैल किती होते इथपर्यंत.

पहिला कागद घरातच होता. माळ्यावरच्या ट्रंकेत, लाल फडक्यात बांधलेलं रुमाल म्हणतात तसलं बाड, आणि आजोबा असताना त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. ते गेल्यावर उघडलं तर सगळं मोडीत. मोडी म्हणजे हात न उचलता सरसर ओढलेली अक्षरं, शब्द कुठे संपला कळत नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं काही पडलेलंच नाही. सरकारच्या पुराभिलेख खात्याच्या वर्गात जाऊन शिकलो, तीन महिन्यांनी पहिली ओळ लागली, ती होती "श्री". बाकी लागायला वर्ष गेलं.

त्या बाडात 1894 च्या एका दाव्याची नक्कल होती, वादी सावकार, प्रतिवादी माझे खापरपणजोबा. आता हा दावा एवढा बोलका का आहे त्याचं कारण थोडं मागे आहे. 1875 मध्ये पुणे आणि नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध जे दंगे केले, सुप्यापासून सुरुवात झाली त्याची, त्यात घरं लुटण्यापेक्षा जास्त भर होता कर्जरोखे जाळण्यावर. त्यानंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जमदतीचा कायदा आला, आधी पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना. त्यात न्यायाधीशाला नुसता रोखा बघून निकाल देता येत नव्हता, व्यवहार पहिल्यांदा कधी सुरू झाला, मुद्दल किती दिलं, व्याज मुद्दलात कधी मिसळलं, सगळं खोदून काढावं लागायचं. म्हणजे शेतकऱ्याला वाचवायला म्हणून जे केलं त्यात माझ्यासारख्याची चांदी झाली. खापरपणजोबांनी सांगितलेलं सगळं त्यात उतरवलंय, पहिलं कर्ज वडिलांनी घेतलं ते बहिणीच्या लग्नाला, मग एका वर्षी पाऊस नाही म्हणून बियाण्याला, मग नवीन रोखा जुन्याच्या पोटात. एका जबानीत तीन पिढ्या. (सावकाराने आणलेला हिशोब कोर्टाने कापला होता, ते वाचून मी एकटाच बसून टाळी वाजवली, 130 वर्षांनी.)

आणि त्या नकलेच्या शेवटी सहीच्या जागी लिहिलंय, "निशाणी नांगराची". लिहिता येत नसे त्यांनी नांगराची खूण काढायची, बाईने बांगडीची, आणि शेजारी लिहिणाऱ्याने नाव घालायचं. माझ्याकडे नक्कल असल्यामुळे खूण नाही, नुसते शब्द आहेत. मूळ कागदावर तिरकी काडी आणि खाली फाळ असं काहीतरी असणार, आणि मी अजून त्या मूळ कागदाच्या मागे आहे.

दुसरा मोठा खजिना म्हणजे वाटपाचा दावा. मोठे आजोबा आणि चुलते कोर्टात गेले होते हे सगळ्यांना माहीत होतं पण घरात कोणी बोलायचं नाही, आत्या तर विषय बदलायची. वाटप मागायचं म्हणजे हिस्सा ठरवावा लागतो, हिस्सा ठरवायचा तर वंशवेल लागते, त्यामुळे दाव्याच्या अर्जातच मूळ पुरुषापासून खाली फांद्या काढलेल्या असतात, कोण वारला, कोण निपुत्रिक, कोण दत्तक गेला. आणि प्रतिवादी कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, म्हणतो हे खोटं, तो आमचा भाऊच नाही, मग साक्षीदार येतात गावचे म्हातारे आणि आणखी दोन पिढ्या मागचं सांगतात. जिल्हा कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज करायचा, त्यात दाव्याचा नंबर आणि साल लागतं, नंबर नसेल तर त्या वर्षाचं दावा रजिस्टर बघायला परवानगी मागायची. सगळी फाईल मिळेलच असं नाही, किरकोळ कागद ठराविक वर्षांनी नष्ट करतात, निकाल आणि हुकूमनामा टिकायची शक्यता जास्त. आम्हाला चौथ्या खेपेला मिळाला. पहिल्या तीन खेपांबद्दल काही बोलत नाही.

तिसरं कोतवाल बुक, लोक चौदा नंबर म्हणतात ते, गावचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, तहसील कचेरीत मिळतं. जात पडताळणीला जे धावतात (अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967) त्यांना हे पुस्तक पाठ असतं. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधाने तर या खोल्यांमध्ये गर्दी आहे आणि मोडी वाचणाऱ्याला कोण भाव! पण एक सांगून ठेवतो, जन्माच्या नोंदीत बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, बापाचं नाव आणि पुढे "मुलगा" किंवा "मुलगी", बस. मी एकदा एका मुलाला आजोबा समजून चार महिने चाललो होतो, तो निघाला आजोबांचा तान्हेपणी गेलेला मोठा भाऊ.

मृत्यूच्या बाजूला कारण लिहिलेलं असतं, पटकी (कॉलरा), देवी, गाठीचा ताप (प्लेग). 1918 च्या ऑक्टोबरची, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीतली पानं आली तेव्हा मी थांबलो, कारण एकाच हस्ताक्षरात ताप, ताप, ताप, पानामागून पान, आणि मग मधेच अक्षर बदललंय. लिहिणारा बदलला असावा, का ते मी विचारायचं कोणाला. त्या पानावर आमच्या घरच्या दोन नोंदी आहेत, चार दिवसांच्या अंतराने. तेव्हा कुठे जनगणनेचा उपयोग झाला, 1911 ते 1921 हे एकच दशक ज्यात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, ते शाळेत पाठ केलं होतं, पण त्यातली दोन माणसं आमची होती.

आडनावाच्या भरवशावर शोधू नका बरं का, जुन्या कागदात बऱ्याचदा आडनाव नसतंच. अमुक बिन तमुक असतं, बिन म्हणजे तमुकचा मुलगा, आणि तारीख शके असेल तर 78 मिळवा म्हणजे साधारण इसवी सन येतं. एकाच गावात त्याच नावाचे तीन बाप-लेक निघतात तेव्हा जमिनीचा नंबर धरून चालायचं, माणूस मरतो पण सर्व्हे नंबर सहसा तिथेच असतो. जुने फेरफार, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी, बघत मागे गेलात तर "मयत, वारस अमुक" अशी साखळी लागत जाते.

बायकांचं मात्र फार वाईट आहे. बाई येते ती अमुक कोम तमुक, म्हणजे तमुकची बायको म्हणून. फेरफारात तर विधवा झाल्यावरच नाव लागतं. वाटपाच्या दाव्यात आमची पणजी साक्षीला उभी राहिली होती, जबानी दीड पान आहे, विहिरीचं पाणी कोणत्या दिवशी कोणाचं हे ती घडाघडा सांगते, उलटतपासणीत वकिलाला "तुम्ही तिथं होता काय?" असं विचारते, वय "सुमारे 50" आणि शेवटी निशाणी बांगडीची. माहेर कुठलं, बापाचं नाव काय, कुठेच नाही. आत्याला वाचून दाखवलं तर म्हणाली, अगदी माझ्यासारखी बोलते की ही. मग बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, तिच्या माहेरचं काही लागलं तर आधी मला फोन कर.