पिल्लाचे दात आणि गुरुवारची बाटली : माझा अनुभव

घरात कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं असेल, तर पट्टा आणि भांडं घेण्याआधी एक काम करा. जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा, रेबीजची लस रोज देता की ठरलेल्या वारी? मला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यापायी झालेला मनस्ताप अजून डोक्यातून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहतो. पिल्लू मुधोळ जातीचं, आमच्या ह्यांच्या मामांनी बागलकोटकडच्या एका शेतावरून आणून दिलेलं. २००५ साली या जातीचं टपाल तिकीट निघालं होतं, हे सासरे येईल त्याला कौतुकानं सांगायचे. नाव ठेवलं सर्जा. दोन महिने भरल्यावरच आणा, असं मी बजावलं होतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला नियमानंही बंदी आहे, आणि त्यामागं कारण आहे. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की समोरचं पिल्लू कोकलतं, खेळ मोडतं. दातांना किती जोर लावायचा हे त्यातून कळतं. लवकर उचललेली पिल्लं ते शिकतच नाहीत.

तरीही सर्जा चावायचाच. दूधदात अठ्ठावीस, आणि एकेक बाभळीच्या काट्यासारखा. साडीचा काठ, केरसुणी, दाराची चौकट, पायाची टाच, जे हलेल ते त्याचं. मुधोळ पळत्या गोष्टीमागं धावणारी शिकारी जात, त्यामुळं अंगणात पळणारी पोरं म्हणजे त्याला पर्वणीच.

एका संध्याकाळी माझी लेक पळत होती, त्यानं मागून पोटरी धरली. सुळा आत गेला आणि रक्त आलं. मी तिला नळाखाली धरलं आणि साबण लावून घड्याळ बघून पंधरा मिनिटं जखम धुतली. शेजारच्या काकी तिखटाची वाटी घेऊन आल्या, ‘भर बघ लगेच, विष उतरतंय’ म्हणत. मी हात लावू दिला नाही. जखमेत तिखट, हळद, चुना, तेल काही म्हणता काही भरायचं नसतं, आणि घट्ट पट्टीही बांधायची नसते. सासरे म्हणाले, ‘दूधदात आहेत गं, घरचंच पिल्लू, काय होतंय त्याला?’ पण सर्जाला रेबीजची लस मिळाली नव्हती, ती तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. त्याच्या आईला दिली होती का, हे मामांनाही सांगता येईना. रक्त आलं की ती तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर प्रकारची जखम, मग दात दुधाचे असोत नाहीतर पक्के. लस हवी आणि जखमेत सीरमही हवं, म्हणजे रेबीजच्या विषाणूला लगेच अडवणारं वेगळं इंजेक्शन. मी ठाम राहिले याचा मला आजही अभिमान वाटतो.

सकाळी दार उघडायच्या वेळेला आम्ही जवळच्या आरोग्य केंद्रात हजर. केसपेपरच्या खिडकीवर आधार कार्ड दाखवलं, चिठ्ठी घेतली, डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसलो. आत गेल्यावर कळलं की आधी इंजेक्शनच्या खोलीत नाव लिहायचं. तिथल्या सिस्टरनी विचारलं, कुत्र्याचं पुस्तक आणलंय का? आणलं होतं, त्यात रेबीजचा रकाना कोरा. त्यांनी पेपरवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, ‘गुरुवार बर्री.’

गुरुवारी या. आणि तो होता सोमवार.

मी विचारलं, का? तर म्हणे बाटली फुटत नाही. दोन्ही दंडांवर कातडीत थेंबभर, ०.१ मिली, लस देतात, त्यामुळं एका बाटलीत अनेकांचं भागतं. एकदा कालवलेली लस सहा ते आठ तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकायची. म्हणून माणसं जमेपर्यंत थांबायचं आणि गुरुवारी सगळ्यांना एकदम टोचायचं. लस वाया जाऊ नये हे मलाही पटतं. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. अशा आजारात पोटरीवर भोक पडलेल्या पोरीला तीन दिवस थांब म्हणायचं? मी ते मान्य करणार नव्हते, आजही करत नाही. २०२२ मध्ये कर्नाटक सरकारनं माणसांमधला रेबीज हा कळवणं बंधनकारक असलेला आजार म्हणून जाहीर केला. सरकार इतकं गंभीर आहे, मग केंद्रात बाटली गुरुवारचीच का?

मी हललेच नाही. जेवणाची सुट्टी झाली, खिडकी बंद, पोरगी बाकावर झोपली. मोठे डॉक्टर दुपारी आले. त्यांनी जखम बघितली आणि शांतपणे सांगितलं, ‘हिला सीरम लागणार. ते इथं मिळत नाही, बेळगावला जावा.’ हेच सकाळी पहिल्या खिडकीवर सांगितलं असतं तर? तिथं बसणाऱ्यानं फक्त एवढंच विचारायचं होतं, रक्त आलं का? हो म्हटलं की बेळगावची बस. त्या एका प्रश्नाअभावी अख्खा दिवस गेला, याचा राग मला लशीच्या दिरंगाईपेक्षा जास्त आहे.

बेळगावात काम सरळ झालं. सीरमचं प्रमाण वजनावर ठरतं आणि ते जखमेच्या आत-भोवती टोचतात. दुखतं फार. लेक किंचाळली, मीही रडले. पण ते टाळू नका. लशीचा पहिला डोस घेतल्यावर सात दिवसांनंतर सीरम देता येत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी मागून घ्या.

पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सातव्या दिवसाचा डोस जवळच्या केंद्रात घ्या, असं बेळगावच्या डॉक्टरांनी लिहून दिलं. तो गुरुवार नव्हता, आणि पुन्हा तेच बोलणं सुरू झालं. या वेळी मी तारखा लिहिलेला कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, तारीख कागदावर आहे, वार नाही. आतून मोठे डॉक्टर आले, त्यांनी बाटली फोडायला सांगितली. तेवढ्यात नंदगडहून चावा झालेले एक आजोबा आले, त्यांनाही त्यातूनच मिळाली. त्या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कागद पावसात भिजतो.

सर्जाला दहा दिवस बांधून, डोळ्यांसमोर ठेवलं. खाणंपिणं आणि वागणं ठीक राहिलं. पण कुत्रं ठीक दिसतंय म्हणून मनानं डोस सोडू नका, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आता चावण्याचं. तोंडात हात गेला की ओढायचा नाही, ओढला की ते जास्त घट्ट धरतं. हात ढिला सोडायचा, सुटला की उठून पाठ फिरवायची आणि थोडा वेळ बोलायचंसुद्धा नाही. घरातल्या प्रत्येकानं हेच करायचं. आमच्याकडं सासरे हातानं मस्ती करायचे तोवर काही फरक पडला नाही. नाकावर चापट मारू नका, त्यानं कुत्रं हाताला भितं आणि भ्यालेलं कुत्रं खरंच चावतं. पोरांना शिकवा की तो मागं लागला तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं.

झोपेचं विसरत होते. एवढ्या लहान पिल्लाला दिवसातून अठरा-वीस तास झोप लागते. संध्याकाळी ते पिसाळल्यासारखं सगळ्यांना चावत सुटतं तेव्हा बहुतेक वेळा ते दमलेलं असतं. शांत कोपऱ्यात नेऊन झोपवा.

साधारण चौथ्या महिन्यात दूधदात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के दात येतात. तेवढा काळ हिरड्या सळसळतात. ओलं फडकं पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवा, नाहीतर थंड गाजर द्या. फडक्याचे तुकडे गिळत नाही ना, ते बघत बसा. जुनी चप्पल खेळायला कधी देऊ नका, जुनी कुठली आणि नवी कुठली हे त्याला कळत नाही. चार्जरच्या वायरी वर बांधा. शिजवलेली कोंबडीची हाडं नकोत, त्यांच्या टोकदार चिरा होतात. कांदा, मनुका, चॉकलेट दूर ठेवा. दारातली कण्हेर मी उपटून टाकली, तिची पानं विषारी असतात.

सर्जाची रेबीजची लस तीन महिने भरल्याबरोबर घेतली, पुस्तकात लशीचा स्टिकर आणि डॉक्टरांची सही घेऊन. आणि त्या केंद्राला मी लेखी अर्ज दिलाय, मराठीत आणि कन्नडमध्ये : रक्त आलेल्या माणसाला कुठं जायचं आणि लस कुठल्या वारी मिळते, हे खिडकीबाहेरच्या फळ्यावर लिहा. पोच घेतली आहे. उत्तर आलेलं नाही, पुढच्या सोमवारी विचारायला जाणार आहे.