ब्रॅकेट निघालं तर थांबू नका

आज बराचसा वेळ निखळलेली ब्रॅकेट्स, म्हणजे दात सरळ करायची तार धरून ठेवणारे दातांवरचे छोटे तुकडे, पुन्हा चिकटवण्यातच गेला. कारणं ठरलेली: चकली, ऊस, अख्खा पेरू, चिक्की. पेरूच्या पातळ फोडी करून दाढेनं खाता येतो. चिक्कीला मात्र तारा निघेपर्यंत रामराम.

ब्रॅकेट निघालं की तो दात तारेच्या ओढीतून सुटतो. बाकीचे सरकतात, हा मागे राहतो आणि उपचार लांबतो. दुखत नाही म्हणून पुढच्या तारखेपर्यंत वाट बघू नका, फोन करा. तारेवर लोंबकळत असेल तर ओढू नका. टोचत असेल तर जागा टिश्यूनं कोरडी करून वाटाण्याएवढं ऑर्थो वॅक्स (तारा-ब्रॅकेटवर लावायचं मऊ मेण) दाबून लावा. ओल्या जागी ते टिकत नाही.

'तार जरा जास्त घट्ट करा, लवकर उरकेल' हा पालकांचा लाडका आग्रह. तसं होत नाही. दात सरकतो तो हाड एका बाजूनं झिजून दुसऱ्या बाजूनं नवं भरल्यामुळे. जोर फार झाला तर मुळाभोवतीचा रक्तपुरवठा दबतो, दात अडतो, मूळही झिजू शकतं. म्हणून तपासण्यांमध्ये 4 ते 6 आठवड्यांचं अंतर, आणि एकूण साधारण दीड-दोन वर्षं. चाळिशीतही तारा लावता येतात. हिरड्यांचा आजार असेल तर तो आधी आटोक्यात हवा.

तारा निघाल्यावर रिटेनर (दात नव्या जागी धरून ठेवणारा, काढता-घालता येणारा साचा) टाळला तर दात परत फिरतात. तो गरम पाण्यात धुऊ नका, आकार बिघडतो. आणि हॉटेलात टिश्यूत गुंडाळून ठेवू नका, उष्ट्या ताटाबरोबर जातो. डबी वापरा.